‘विपश्यनेवर येशूचं लेबल’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी श्वासागणिक येशूचं नाव घेण्याची जुनी रीत लिहिली होती. त्यावर फोंड्याच्या एका वाचकांनी लिहिलं, “हे सरळसरळ विपश्यनेचं तंत्र आहे, वर येशूचं लेबल चिकटवलंय. पोटापाण्यामागे धावणाऱ्याला असल्या चोचल्यांना वेळ नसतो. आणि अँथनी डिमेलोंवर तुमच्या रोमनेच ताशेरे ओढले होते, ते का लपवलंत?” खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. (डिमेलो म्हणजे ध्यानावर लिहिणारे भारतीय जेझुइट धर्मगुरू, आणि ‘रोम’ म्हणजे व्हॅटिकन.)

मतभेदाचं मला वावडं नाही. पण चोरीचा आळ घ्यायचा आणि वर हसायचं, ही चर्चेची रीत नव्हे. शंका होती तर विचारायची होती, मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. तुम्ही विचारलं नाहीत, थेट निकाल दिलात. मी वसईचा, मराठी मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकत वाढलेला. म्हापशात आल्यापासून लोकांना हीच प्रार्थना शिकवत आलो आहे. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिरही मी केलं आहे. तेव्हा दोहोंतला फरक निदान मला तरी माहीत असेल, एवढा विश्वास ठेवायला हरकत नव्हती.

आता तुमचं पहिलं वाक्य. विपश्यनेच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान असतं. नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा पाहायचा. त्याच्याशी नाव, मंत्र किंवा रूप जोडायला तिथे स्पष्ट मनाई असते. श्वास हेच तिथलं आलंबन, म्हणजे मन टेकवायची जागा. आम्ही करतो ते याच्या अगदी उलट. इथे नाव हेच सगळं आहे, श्वास फक्त त्याला ताल देतो. नाव काढून घेतलंत तर प्रार्थना उरतच नाही. तुलना करायचीच होती तर वारकऱ्यांच्या नामस्मरणाशी करायची होती. ती मी मान्य केली असती, आवडीने दोन गोष्टी जास्तही लिहिल्या असत्या.

हे कुणाकडून ‘उचललं’ तेही पाहू. सातव्या शतकात सिनाई पर्वतावरचे मठाधिपती योहान क्लायमॅकस लिहून गेले की येशूचं स्मरण तुझ्या श्वासाशी एकरूप होऊ दे. त्याच्याही आधी, पाचव्या शतकात, योहान कासियन यांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या आब्बा आयझॅक यांची शिकवण नोंदवली : स्तोत्रसंहितेतली एकच ओळ, “हे देवा, मला सोडवायला ये; हे प्रभो, माझ्या साहाय्याला धाव”, उठता-बसता, कामात, जेवताना, झोप लागेपर्यंत म्हणत राहायची. चौदाव्या शतकात ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरचे ख्रिस्ती साधू श्वासाकडे लक्ष ठेवून येशूचं नाव घेत, तेव्हा बार्लाम नावाच्या विद्वानाने ‘यांचा आत्मा बेंबीत असतो’ म्हणून त्यांची टिंगल केली. ग्रेगरी पालामास यांनी त्याला सविस्तर उत्तरं दिली आणि १३४१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने साधूंचा पक्ष उचलून धरला. हसण्याची परंपरासुद्धा इतकी जुनी आहे.

गोव्यात राहून इग्नेशियस लोयोला यांचा दाखला न देणं बरं नव्हे. ज्यांनी फ्रान्सिस झेवियरना इकडे धाडलं, तेच हे. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली. त्यात प्रार्थनेचे तीन प्रकार आहेत. तिसरा असा : प्रभूच्या प्रार्थनेतला एक शब्द एका श्वासाला मनात म्हणायचा. ‘आमच्या’. पुढच्या श्वासाला ‘स्वर्गातील’. त्याच्या पुढच्याला ‘पित्या’. दोन श्वासांच्या मधल्या अवकाशात मन ठेवायचं ते त्या शब्दाच्या अर्थावर, किंवा ज्याला हाक मारतो आहोत त्याच्यावर, किंवा त्याच्यापुढच्या आपल्या क्षुद्रपणावर. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला बारा ते सोळा श्वास घेतो, म्हणजे मराठीतली सबंध प्रार्थना तीन-चार मिनिटांत होते. ‘ज्याला हाक मारतो आहोत त्याच्यावर’ ही कलमाची मेख आहे. समोर कुणीतरी ऐकणारा आहे हे धरूनच हे चालतं. तो नसेल तर हा निव्वळ श्वासाचा व्यायाम, आणि मग तुमचं म्हणणं खरं.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करतो. ‘मारानाथा’ (‘प्रभो, ये’) हा जप जगभर पोचवणारे बेनेडिक्टीन फादर जॉन मेन यांना एका शब्दावर ध्यान करायची रीत मलायात एका हिंदू स्वामींकडून मिळाली होती, १९५०च्या दशकात. हे ते स्वतःच सांगत. पुढे मठात गेल्यावर तीच गोष्ट त्यांना कासियनच्या लेखनात सापडली. तेव्हा एका धाग्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण ऋण उघड सांगणाऱ्याला चोर म्हणत नाहीत.

आणि ‘लपवलंत’ म्हणताना धोक्यांबद्दल मी काहीच लिहिलं नाही, असं सुचवणं तर अन्यायाचं आहे. अर्धा लेख त्यावरच होता. वरवर वाचणाऱ्यांसाठी पुन्हा लिहितो. सगळ्यात जास्त चुकतं ते हे की नाव लांब घेता यावं म्हणून माणूस श्वास ताणतो. खोल आणि भराभर श्वासांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि नवख्याला वाटतं काहीतरी दिव्य घडतंय. काहीही घडलेलं नसतं. श्वास येईल तसा येऊ द्यायचा, नावाने त्याच्यामागून जायचं. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा’ आत घेताना आणि ‘मज पाप्यावर दया कर’ सोडताना, हे एका श्वासात बसत नसेल तर दोन श्वासांत वाटायचं, नाहीतर नुसतं ‘येशू’ पुरे. जबडा आवळला जातोय का ते मधूनच पाहायचं. जेवल्या जेवल्या बसायचं नाही, झोपच लागते. विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही, नावाकडे परत यायचं. विसाव्यांदा भरकटलात तर विसाव्यांदा परत. ज्याला पॅनिकचा त्रास आहे त्याने श्वासाची बाजू सोडून द्यावी, जपमाळेचे मणी धरावेत.

ऊब, शांतता, प्रकाश जाणवला तर? १९८९ मध्ये रोमच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने ख्रिस्ती ध्यानाविषयी पत्र काढलं, त्यात हेच बजावलं आहे : शरीराच्या काही क्रियांनी अशा सुखद संवेदना आपोआप येतात, त्यांना पवित्र आत्म्याचं सांत्वन समजणं ही घोडचूक. त्याच पत्रात हेही आहे की ध्यानाच्या पद्धती ख्रिस्ती नाहीत एवढ्याच कारणाने झिडकारू नयेत.

प्रार्थनेत गोडीच वाटेनाशी होते, त्या कोरडेपणाचं तर विचारूच नका, त्यात बहुतेक जण सोडून जातात. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत क्रूसभक्त योहान यांनी सांगितलेल्या तीन खुणा मी प्रत्येकाला पाठ करायला लावतो. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण इतर कशातही वाटत नाही. आपण मागे पडतोय ही तळमळ कायम असते. आणि पूर्वीसारखं चिंतन करू म्हटलं तरी जमत नाही. तिन्ही एकत्र असतील तर तो कोरडेपणा वाटेवरचाच, बसत राहायचं. मोबाइलमध्ये मात्र मस्त गोडी वाटतेय, तर तो आळस. आणि झोप, भूक, सगळ्यावरचंच मन उडालं असेल तर आधी डॉक्टर, मग फादर.

डिमेलोंवरचं रोमचं १९९८ चं निवेदन देवाच्या आणि येशूच्या स्वरूपाविषयीच्या त्यांच्या काही मतांवर होतं. माझ्या लेखात त्यांचं नाव नव्हतं. पुढे चला.

वेळेचं म्हणाल तर चोडणची फेरी रायबंदरला लागेपर्यंत एक प्रभूची प्रार्थना सहज होते. दुपारी इगर्जीची (चर्चची) घंटा वाजते तेव्हा तीन नमो मरिया म्हणायला तीन मिनिटंही लागत नाहीत. ब्रदर लॉरेन्स पॅरिसच्या कार्मेल मठात स्वयंपाकघर सांभाळत, त्यांची साधना तिथेही चालू असे. याला चोचले म्हणणाऱ्याने आधी आठवडाभर करून पाहावं.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मी गाळलं आहे, आमच्या प्रार्थनागटातल्या बायकांना ‘रिकामटेकड्या’ म्हणणारं. त्यांतल्या कितीतरी जणी पहाटे उठून डबे भरून पणजीची बस गाठतात आणि तरीही संध्याकाळी येतात. माझ्यावर काय लिहायचं ते लिहा, ते तसंच छापलं जाईल. त्यांच्यावर पुन्हा लिहिलंत तर अख्खी प्रतिक्रिया काढून टाकीन.