निकोडेमसला ओसाड म्हणू नका

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या निकोडेमसबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय: '१८७९ च्या लोंढ्यात पळून आलेल्या गुलामांनी वसवलं, त्यांनी हातपाय हलवले नाहीत म्हणून रेल्वे गेली, १८८८ मध्ये गाव मेलं. साधी नगरपालिकासुद्धा नाही.' वाचून फार वाईट वाटलं.

पळून आलेले गुलाम? गुलामगिरी १८६५ मध्येच कायद्यानं संपली होती. निकोडेमस वसलं १८७७ साली, त्या लोंढ्याच्या, म्हणजे दक्षिणेतल्या राज्यांतून कॅन्ससकडे झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या स्थलांतराच्या, दोन वर्षं आधी. केंटकीतली ही कृष्णवर्णीय कुटुंबं स्वतःच्या मालकीची जमीन कसायला, ठरवून आली. सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळच्या त्या माळावर झाडं नावालाच, घराला लाकूड आणायचं कुठून? मग लोकांनी जमिनीतच घरं खणली. १८७८ च्या वसंतात विलियाना हिकमन तिथे पोहोचल्या तेव्हा त्यांना गाव दिसेचना. 'कुठाय निकोडेमस?' असं विचारल्यावर नवऱ्यानं जमिनीतून वर येणारा धूर दाखवला. त्यांना रडू कोसळलं. पण त्या राहिल्या, आणि हळूहळू त्यांचं मन तिथे रमलं.

आता रेल्वे. १८८७ मध्ये या गावानं मिसुरी पॅसिफिक कंपनीचा मार्ग आपल्याकडे यावा म्हणून १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. मातीच्या घरांतून सुरुवात केलेल्या माणसांनी, अवघ्या दहा वर्षांत! तो मार्ग आलाच नाही. युनियन पॅसिफिकनं नदीच्या दक्षिणेला रूळ टाकले, तिथे बोग हे गाव उभं राहिलं आणि निकोडेमसच्या दुकानदारांनी आपलं बस्तान तिकडे हलवलं. घाव मोठा होता, हे मान्य. पण यात गावकऱ्यांचा आळस कुठे दिसतो?

आणि १८८८ मध्ये मेलेल्या गावात १९५३ पर्यंत टपाल कार्यालय कसं चालेल? १९३९ मध्ये चुनखडीच्या दगडाचं सभागृह कोण बांधेल?

नगरपालिका नाही, हे खरं. कारभार ग्रॅहम काउंटीकडे आहे. पण इथे येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे राज्य लेखापरीक्षक म्हणून निवडून आले, हे त्या मजकुरात का नाही?

२०२० च्या जनगणनेत इथे १४ माणसं मोजली गेली. १९९६ पासून हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. जुलैअखेर मुक्तिदिनाच्या उत्सवाला दूरदूरच्या शहरांत गेलेली नातवंडं-पतवंडं दरवर्षी गावी येतात.