बिनखर्चाचा स्टुडिओ

टॅबलेटवरची साधीसुधी कामं शिकवणारे चार व्हिडिओ करून दे, असं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नानांनी फर्मावलं. बजेट विचारलं तर म्हणाले, "बजेट कशाला? तू घरूनच काम करतेस ना!"

तसा खर्च नव्हताच म्हणा. अँड्रॉइडमध्ये अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, स्क्रीन रेकॉर्डर आयताच मिळतो. आयपॅडवाल्यांकडे तो २०१७ पासून आहे. पहिला विषय घेतला, अक्षरं मोठी कशी करायची. बोट कुठे टेकतंय ते कळावं म्हणून टच दाखवायची सोय सुरू केली. स्क्रीनवर छान पांढरा ठिपका फिरायला लागला. संध्याकाळी एका काकांचा फोन. "अगं, तो ठिपका माझ्या टॅबवर नाहीये. वेगळा घ्यावा लागतो का?" एक मावशी तर व्हिडिओतलंच बटण दाबत बसल्या होत्या. व्हिडिओ थांबला, की टॅब हँग झाला म्हणून लेकाला हाक! बँकेच्या ॲपचं रेकॉर्डिंग तर नुसतं काळंकुट्ट आलं. सुरक्षेपायी ही ॲप्स आपली स्क्रीन टिपूच देत नाहीत.

मग ठरलं, खरं बोट दाखवायचं. टॅब टेबलावर आणि वरून फोनने चित्रीकरण. स्टॅंड विकत आणणं बजेटात बसेना, म्हणून पिठाच्या आणि तांदळाच्या डब्यांवर पोळपाट आडवा टाकला, त्याच्या कडेला फोन चिकटपट्टीने बांधला आणि मागे वजनाला वरवंटा ठेवला. "पोळ्या कशावर लाटू? टॅबवर?" आईने विचारलं. टॅबच्या काचेत ट्यूबलाइट आणि गरगरणारा पंखा स्वच्छ दिसत होते. दोन्ही बंद केले. आता घामेजलेलं बोट स्क्रीन मानेना. ते पुसून "सर्वप्रथम" म्हणावं, तर कुकरची शिट्टी. शिट्टी संपली, की घंटागाडी.

सगळ्यात कठीण गेला हयातीचा दाखला. तो नोव्हेंबरात द्यायचा असतो आणि २०२१ पासून चेहरा दाखवूनही देता येतो. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी अशी दोन ॲप्स टाकली, की बोटाच्या ठशांचं यंत्र लागत नाही. पण त्यासाठी पेन्शनर हवा, म्हणून नानाच नायक झाले. आधारचा बारा आकडी नंबर दिसू नये म्हणून मी स्क्रीनवर कागदाची पट्टी धरली. नानांनी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवला. पुढे ॲपने पापण्या मिचकावायला सांगितल्या. नानांनी डोळे मिटले ते उघडेचनात. हयातीच्या दाखल्यासाठी हे फारच वाईट दिसत होतं.

व्हिडिओ जमेपर्यंत कार्यकारिणीची सूचना आली, की सुरुवातीला पदाधिकाऱ्यांची नावं हवीत. माहिती दीड मिनिटाची, नावं पाऊण मिनिटाची. त्यात उपाध्यक्षांचं नाव सचिवांच्या खाली आलं म्हणून पुन्हा सगळं.

शेवटी खर्चाचा हिशेब दिला: चिकटपट्टी, एक नग. खजिनदारांनी पावती मागितली. मी ती पीडीएफ करून पाठवली. लगेच उत्तर आलं, "उघडत नाही. पीडीएफ कशी उघडायची त्याचा एक व्हिडिओ टाक. घाई नाही, उद्यापर्यंत चालेल."