गवताला नुसता पाऊस पुरत नाही

पावसाळा तोंडावर आला की विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : गवताला पावसाखेरीज काही लागत नाही आणि सगळी गवते सारखीच असतात, आपली ई-क्लासची (म्हणजे गावच्या चराईसाठी राखलेल्या सरकारी जमिनीची) आणि झुडपी जंगलाची राने मूळची घनदाट जंगलेच होती, ढोरांनी आणि वणव्यांनी ती उघडी पाडली, तेव्हा चराई कायमची बंद करावी, खड्डे खणून झाडे लावावीत, खत घालावे, म्हणजे पाच वर्षांत जैवविविधता परत येईल. लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण यातले जवळजवळ प्रत्येक विधान तपासले तर टिकत नाही, आणि त्यावर विसंबून ग्रामसभांचे ठराव होऊ लागले तर उरलीसुरली कुरणेही जातील.

पावसापासून सुरुवात करू. एका शिवारावर पडणारा पाऊस एकच असतो, तरी त्या शिवारातली गवते एक नसतात. टेकडीच्या माथ्यावर, जिथे मुरमावर चार बोटे माती आहे, तिथे कुसळी दिसते. उतारावरच्या खडेमिश्रित जमिनीत शेडा आणि पवन्या. खालच्या सपाट काळ्या मातीत मारवेल. आणि भारी काळीत कुंदा, ज्याच्या खोल गेलेल्या कांड्या काढता काढता शेतकऱ्यांच्या पिढ्या थकल्या. भारतातल्या गवताळ आच्छादनाचे जे वर्गीकरण १९७३ साली प्रसिद्ध झाले, त्यात आपला सगळा द्वीपकल्पी पट्टा शेडा आणि मारवेल यांच्या वंशांच्या जोडनावानेच नोंदवलेला आहे, आणि खडकाळ जमिनीवर शेडा, सपाट भारी जमिनीवर मारवेल ही विभागणीही त्यात आहे. कारण उघड आहे. काळी माती पाणी भरपूर धरते, पण ते घट्ट धरते. पावसाळ्यात ती फुगते, मुळांना हवा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडून मुळे तुटतात. मुरमात पाणी टिकत नाही, पण पडलेले पाणी खडकाच्या फटींतून खोल जाते. म्हणजे आकाशातून किती पडले यापेक्षा मुळांना कोणत्या खोलीवर, किती दिवस आणि किती हवेसह पाणी मिळाले, हे ठरवणारे आहे. एकाच जातीतही हा भेद उतरतो. तिखाडी म्हणजे रोशा गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारावर वाढतो, सोफिया ओलसर सखल जागी, आणि दोघांच्या तेलाचा वास व भावही वेगळा.

मग जमिनीचा पोत पाहिला की झाले, असे कोणी म्हणेल. तसेही नाही, आणि या मुद्द्यावर थोडे थांबणे भाग आहे, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. कुसळी बरडावर, म्हणजे उथळ मुरमाड जमिनीवर, दिसते म्हणून तिला बरडच मानवतो, असे आपण धरून चालतो. जर्मनीतील हाइन्झ एलेनबर्ग यांनी १९५० च्या दशकात केलेला प्रयोग या समजुतीला छेद देतो. त्यांनी भूजलाची पातळी एका टोकाला अगदी वर आणि दुसऱ्या टोकाला खोल राहील असे वाफे तयार केले आणि त्यात कुरणातली गवते आधी एकेकटी, मग एकत्र लावली. एकेकटे असताना सगळ्यांची वाढ जवळपास सारख्याच, मध्यम ओलाव्याच्या पट्ट्यात उत्तम झाली. एकत्र लावल्यावर मात्र ती जागा एका जोरकस गवताने घेतली. एक गवत कोरड्या टोकाकडे ढकलले गेले, दुसरे पाणथळ चिबडाकडे. शास्त्रज्ञ ज्याला वनस्पतीची ‘निश’ म्हणतात, म्हणजे निसर्गाच्या मांडणीतली तिची जागा, ती अशी दोन गोष्टींनी ठरते : तिला काय सोसते, आणि शेजारी तिला काय उरू देतात. इंग्लंडमधील ओलसर कुरणांवर जोनाथन सिल्व्हरटाउन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले की तिथल्या वनस्पती कोरडेपणा आणि पाणथळपणा या दोन ताणांच्या अक्षांवर आपापल्या जागा वाटून घेतात. आपल्या रानात वेळेचीही वाटणी आहे. रानकांदा भर उन्हाळ्यात पानांशिवाय फुलतो, जेव्हा गवत वाळलेले असते आणि उजेडासाठी भांडणारे कोणी नसते.

आता ‘मूळची जंगलेच’ हे विधान. काही ठिकाणी ते खरे आहे, आणि तोडलेल्या जंगलाच्या जागी उगवलेल्या गवताला प्राचीन कुरण म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण सरसकट हे म्हणता येत नाही. शिवालिक टेकड्यांतल्या जुन्या मातीच्या थरांतील कार्बनवरून असे दिसते की उष्ण, उघड्या प्रदेशात वाढणारी गवते दक्षिण आशियात सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच पसरली होती. तेव्हा कुऱ्हाड नव्हती, गायकी म्हणजे गुराखी नव्हता आणि पाळीव ढोरेही नव्हती. जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि पुढचे सात-आठ महिने कोरडे, ही लय गवताला मानवणारी आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातील सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगलाला वनजमीन मानले. त्या संरक्षणाचा अर्थ ‘आता तिथे झाडे भरा’ असा लावणे ही मोठी चूक ठरेल.

वणव्याबद्दल एवढेच : दरवर्षी लावलेली आग मातीचे नुकसान करते, यात वाद नाही. पण आगीसकट जगायला शिकलेल्या वनस्पती इथे आहेत. कुसळीच्या बीजाचे कुसळ दमट हवेत पीळ सोडत फिरते आणि बीज मातीत ढकलते, जिथे आगीची धग पोचत नाही. पळस मुळांपासून पुन्हा फुटतो.

चराईचा मुद्दा मजकुरात अर्धा बरोबर आहे, म्हणून अधिक फसवा आहे. अति चराईने शेडा आणि मारवेल मागे हटतात, त्यांच्या जागी कुसळी येते, आणि तरीही थांबले नाही तर एका वर्षात संपणारी हलकी गवते आणि तरोट्याचे तण उरते. मात्र चराई कायमची थांबवली तर उंच गवताचे वाळके थर साचतात, खालच्या बुटक्या वनस्पतींपर्यंत ऊन पोचत नाही, आणि विविधता घटते. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद केल्यावर एका पाणगवताने पाणथळ जागा भरून टाकल्या, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासात नोंदले गेले. तो प्रदेश पाणथळ, आपला कोरडा. पण तोंड लागणे थांबले की एकच गवत माजते, ही प्रक्रिया तीच. प्रश्न चराई किती आणि कधी हा आहे. कुसळी फुलण्यापूर्वी ढोरे ती आवडीने खातात, कुसळ धरल्यावर तीच त्यांच्या तोंडाला इजा करते. आणि शेड्याचे बी गळण्याआधी ढोरे सोडली तर पुढच्या वर्षीचा शेडा कमी होतो.

खताबद्दलचा पुरावा सर्वांत जुना आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे १८५६ पासून एकाच कुरणाच्या तुकड्यांवर वेगवेगळी खते घालून पाहिली जात आहेत. खत न घातलेल्या तुकड्यांत आजही सुमारे ४० जाती टिकून आहेत, तर वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट घातलेल्या, चुना न दिल्याने माती आम्ल होत गेलेल्या तुकड्यांत दोन-तीनच. अन्नद्रव्यांची टंचाई होती तोवर प्रत्येकीला काही ना काही वाटा होता. ती संपताच भांडण उजेडापुरते उरले आणि उंच वाढणारी जिंकली. आपल्या बरडावर युरिया टाकला तर वेगळे घडेल असे मानायला आधार नाही.

खड्ड्यांचेही तसेच. उलथलेल्या मातीत सगळ्यांत आधी पवन्या येत नाही, गाजर गवत येते. रोपे जगलीच तर त्यांच्या दाट सावलीत उन्हावर वाढणारे शेडा-मारवेल मरतात, आणि त्यांच्या आधाराने जगणारे काळवीट व तणमोर पक्षी यांना ते रान उपयोगाचे राहत नाही. नाल्याकाठी किंवा खरोखरच जंगल तुटलेल्या जागी झाडे लावायला कोणाचीच हरकत नसावी. ई-क्लासच्या रानासाठी मात्र ठराव करण्याआधी ग्रामसभेने गावच्या गायकीला सोबत घेऊन कुठे कुंदा, कुठे शेडा, कुठे नुसता तरोटा याचा नकाशा आश्विनात, गवत फुलोऱ्यावर असताना करावा, आणि शेडा-मारवेल असलेला भाग बी गळेपर्यंत राखून मग कापणीला व चराईला द्यावा.