‘एक हितचिंतक’ यांना, गोळ्या मोजणाऱ्याकडून

हृदयाच्या स्नायूची जाडी आणि शुगर यांवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक हितचिंतक’ यांनी लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हृदयाचा स्नायू जाड होणं हा निव्वळ बीपीचा आजार, साखरेला मी उगाच गोवलंय, जाडीचं माप चुकलंय, ‘साखर आटोक्यात आली की जाडी उतरते’ या माझ्या म्हणण्याला पुरावा दिलेला नाही, आणि ‘काउंटरवर गोळ्या मोजणाऱ्याने हृदयावर प्रवचन झोडू नये.’

चूक आधी कबूल करतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत साधारण 6 ते 10 मिलिमीटर जाड असते. जाड झालेल्या भिंतीचं माप देताना मी ‘12 सेंटिमीटर’ लिहून बसलो. तेवढ्या भिंतीचं हृदय छातीत मावायचं नाही, हे मलाही कळतं. दुरुस्त केलंय, आभार. पण त्यापुढे ‘आधी शाळेतलं विज्ञान पक्कं करा’ हे कशाला? ‘मिमी हवं’ एवढं पुरलं असतं. नाव हितचिंतक आणि भाषा ही!

राहिलं गोळ्या मोजण्याचं. हो, मोजतो. सांगलीत 22 वर्षं मेडिकल चालवतोय. शुगरची मेटफॉर्मिन आणि बीपीची टेल्मिसार्टन एकाच चिठ्ठीवर, एकाच पिशवीत जाताना रोज बघतो. तुम्ही म्हणाल, बघा, बीपी आहेच की. आहेच! मी कुठे नाही म्हटलं? लेखाचा पहिला परिच्छेद बीपीवरच होता. तो तुम्ही ओलांडून गेलात. माझं भांडण तुमच्या ‘निव्वळ’ या एका शब्दाशी आहे.

1972 साली डॉ. शर्ली रुबलर आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या चार रुग्णांची शवविच्छेदनं मांडली. चौघांचं हृदय निकामी झालं होतं, पण धमन्यांत त्याला पुरेसं कारण सापडेना. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीचे आकडे आले: मधुमेह असलेल्या पुरुषांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त, बायकांत सुमारे पाचपट. वय, वजन, कोलेस्टेरॉल आणि हो, तुमचं लाडकं बीपीसुद्धा हिशेबात धरून उरलेला धोका होता तो. हे मी काउंटरवर बसून रचलेलं नाही.

इन्शुलिन फक्त साखर पेशीत ढकलतं असं नाही, ते वाढीचाही निरोप देतं. शरीर त्याला दाद देईनासं झालं की रक्तात ते वाढतं, आणि मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात. हृदयाच्या स्नायूत चरबी साठते. वर्षानुवर्षांच्या जास्त साखरेने प्रथिनं एकमेकांना चिकटून भिंत ताठर होते. मग हृदय आकुंचन नीट पावतं, पण सैल पडायला कुरकुरतं. जिना चढताना दम लागतो तो इथे.

‘सडपातळ माणसाला कसली भीती’ असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा 2004 सालचा फोटो बघा. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण चरबी युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2.

आणि माझे वडील, आबा. वजन 54 किलो, सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर. शुगर 14 वर्षांची, बीपी 140च्या आसपास, म्हणजे काही फार नव्हे. दम लागतो म्हणून एका ठिकाणी दाखवलं, तर ईसीजी बघून ‘बारीक आहेत, यांना काय होतंय’ म्हणून परत पाठवलं. ईसीजी नॉर्मल असला तरी भिंत जाड असू शकते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आठ महिन्यांनी दुसरीकडे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. डाव्या कुशीवर निजवलं, जेल गार लागल्यावर आबांनी पाय आखडले. डॉक्टरांनी पडद्यावरच्या करड्या भिंतीच्या दोन कडांना दोन फुल्या मारल्या, बाजूला आकडा उमटला: 14. पहिला प्रश्न आला, ‘शुगर किती वर्षांची?’ बीपीचं त्यानंतर विचारलं. तुम्ही तिथे असता तर बहुधा डॉक्टरांनाही शाळेत पाठवलं असतं.

पुराव्याचं म्हणाल तर एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या औषधावरच्या 2019च्या एका चाचणीत सहा महिन्यांत डाव्या कप्प्याचं वजन घटलेलं दिसलं. ते साखर उतरल्यामुळे की औषधाच्या दुसऱ्या गुणामुळे, यावर तुम्ही पुन्हा पानभर लिहाल, म्हणून त्यात शिरत नाही. बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत.

यापुढे प्रतिक्रिया खऱ्या नावाने टाकलीत तरच उत्तर देईन. आबांचा रिपोर्ट लेखाखाली लावतोय, नाव झाकून. त्यावर 14 मिमी आहे. मिमीच, दोनदा बघितलं.