जळकं ऑइल, पेट्रोल आणि टाइट चेन: एका फॉरवर्डला उत्तर

बाइकच्या चेनबद्दलचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा: चेन ल्यूबचा स्प्रे म्हणजे कंपन्यांचा धंदा, त्यापेक्षा सर्व्हिसिंगला निघालेलं जळकं ऑइल भरपूर मारा. आधी गाडी मेन स्टँडवर घ्या, पहिल्या गियरमध्ये चालू ठेवा आणि पेट्रोलचं फडकं चेनला धरा. चेन टाइट ठेवली की अ‍ॅव्हरेज वाढतो. चेन लांबलीच तर कडी काढा, किट बदला म्हणणारा मेकॅनिक लुटतोय. आणि ओ-रिंगवाल्या (सांध्यांत रबरी रिंगा असलेल्या) किंवा फुल कव्हरवाल्या चेनला काहीच लागत नाही.

सुरुवातीचं अर्धं वाक्य खरं आहे, म्हणून बाकीचंही खपतं. स्प्रे घेतलाच पाहिजे असं नाही. कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच एसएई ८० किंवा ९० गियर ऑइल चालेल असं लिहिलेलं असतं. स्पेअर पार्टच्या दुकानात ‘९० नंबर’ म्हणून मागितलं की मिळतं, आणि एक बाटली कितीतरी महिने पुरते. तेव्हा पैसे वाचवायचे तर तिथे वाचवा.

जळकं ऑइल मात्र नको. ते काळं का झालेलं असतं? त्यात काजळी असते, इंधन जळताना तयार झालेली आम्लं असतात, झिजलेल्या धातूची बारीक पूड असते. आपल्याकडच्या बहुतेक बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गियर एकाच तेलात फिरतात, त्यामुळे क्लच प्लेटचा आणि गियरचा कीसही त्यातच उतरतो. साध्या चेनमध्ये हे सगळं कड्या जोडणारी पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, म्हणजे जिथे झीज थांबवायची तिथेच आपण घासणारी पूड सोडतो. शिवाय हे तेल चिकटून राहत नाही. चेन फिरायला लागली की उडतं आणि मागच्या रिमवर, टायरवर बसतं. घाटात गाडी झुकवताना हे कळलं तर फार उशीर झालेला असतो. वापरलेलं इंजिन ऑइल वारंवार कातडीला लागणंही बरं नव्हे, त्याचा संबंध त्वचेच्या कर्करोगाशी आहे. ते गॅरेजमध्येच जमा करू द्या.

‘भरपूर’ हा सल्लाही तितकाच वाया. चेनच्या बाहेरच्या बाजूला साचलेलं तेल फक्त माती धरतं. चेनच्या खालून जाणाऱ्या भागाच्या आतल्या बाजूला, कड्यांच्या पट्ट्या आणि रोलर यांच्या फटींत थेंब सोडा. चाक फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेला ढकललं जातं. गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना हे केलं, रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी वरचं तेल पुसून काढलं की झालं. पावसात भिजलेल्या किंवा नुकत्याच धुतलेल्या गाडीची चेन आधी कोरडी करून मग तेल द्यायचं, त्या वेळी तेल द्यायचे ठरलेले किलोमीटर भरायची वाट बघायची नाही.

पेट्रोलबद्दल फार लिहायला नको. ते भडका घेतं, शेजारी तापलेला सायलेन्सर असतो आणि चेनमधल्या रबरी रिंगाही त्याने खराब होतात. चेन क्लीनर वापरा. पण चालू इंजिनवर फडकं धरायला सांगणं हा या मेसेजमधला सर्वांत वाईट सल्ला आहे. फडक्याचं टोक चेनमध्ये अडकलं की बोट स्प्रॉकेटपाशी, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्रापाशी, पोचायला क्षणही लागत नाही, आणि तिथे बोटं तुटतात. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, चाक हाताने फिरवायचं.

टाइट चेनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, बेअरिंग मात्र जातात. खड्ड्यात मागचं चाक वर उचललं जातं तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या अ‍ॅक्सलचं अंतर बदलतं. पुढचं स्प्रॉकेट, स्विंग आर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि अ‍ॅक्सल एका रेषेत आले की ते सर्वांत जास्त होतं. डबलसीट बसल्यावर गाडी त्याच रेषेच्या जवळ जाते. चेनला तेवढी ढील नसेल तर सगळा ताण गियरबॉक्सच्या शाफ्टवर आणि मागच्या हबवर येतो. रोजच्या वापराच्या बऱ्याच बाइकना २० ते ३० मिलिमीटर ढील (खालच्या बाजूला मधोमध चेन वर-खाली जितकी हलते ती) सांगितलेली असते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. म्हणून चाक फिरवत चार ठिकाणी मापायचं आणि सर्वांत ताणलेल्या जागी ढील बरोबर ठेवायची.

आता कडी. रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टरला काढली, आणि मूळ रचना आजही तीच आहे: पट्ट्या, पिन, बुश, रोलर. चेन ‘लांबते’ म्हणजे पट्ट्या ताणल्या जात नाहीत, पिन आणि बुश झिजतात. ४२८ नंबरच्या चेनमध्ये दोन पिनांतलं अंतर १२.७ मिलिमीटर असतं. दर सांध्याला ०.१ मिलिमीटर झीज धरली तरी १०० सांध्यांना चेन १० मिलिमीटर लांब होते. कड्या काढल्याने एकूण लांबी कमी होईल, पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातली ०.१ ची झीज तशीच राहते. स्प्रॉकेटचे दाते १२.७ च्या मापाने कापलेले, चेनचं माप वेगळं. मग दाते हुकासारखे वाकडे झिजत जातात. त्यातही एकटी कडी काढता येत नाही. आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून असल्याने जोडीच काढावी लागते, म्हणजे एकदम २५.४ मिलिमीटर. नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर घातली तर तीही लवकर जाते, म्हणून पुढचं-मागचं स्प्रॉकेट आणि चेन असा किट एकदम बदलतात.

मेकॅनिक लुटतोय का, हे तपासणं सोपं आहे. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. अर्धा दात उघडा पडला तर तो खरं बोलतोय. नाही पडला आणि दातेही सरळ असतील तर दुसरं गॅरेज बघा.

ओ-रिंग चेनमध्ये पिन-बुशमधलं ग्रीस कारखान्यातच सील केलेलं असतं, हे खरं. पण रोलर आणि बुशमधली जागा सील नसते, रोलर दात्यांवर उघडाच आपटतो, पट्ट्यांना गंज चढतो आणि रबरी रिंगा कोरड्या पडल्या की आतलं ग्रीसही जातं. म्हणून तेल द्यायचंच, फक्त ओ-रिंगला चालणारं, आणि तारेचा ब्रश लावायचा नाही. फुल कव्हरमध्ये चेन जास्त टिकते, पण तीही झिजते आणि ढिली होतेच. कव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून ढील बघता येते. पाणी साचलेल्या रस्त्यांतून गाडी काढली असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला कव्हर उघडून तेल द्यायला सांगा, आणि स्वतः उभं राहून बघा, कारण चार बोल्ट खोलायचा कंटाळा बऱ्याच जणांना असतो.