उरलेले झेंडे

आज सकाळी सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या ड्रममध्ये तिरंगे दिसले. एक-दोन नव्हे, अख्खा गठ्ठा, काड्यांसकट. परवाच वर्गणी काढून आणलेले, पॉलिस्टरचे. डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक शिपाईमामा होते. पंधरा ऑगस्टला संध्याकाळी झेंडा उतरवला की कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा, मग दोन्ही बाजू आत, वर चक्र दिसेल अशी घडी. ती दोन्ही तळहातांवर धरून हेडसरांच्या कपाटापर्यंत न्यायचे. आम्ही पोरं मागून फिदीफिदी हसायचो.

तो झेंडा खादीचा. नियमच तसा होता. २२ जुलै १९४७ ला घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतलं, पण नेहरूंनी सभागृहात दाखवलेले दोन्ही झेंडे खादीचेच होते, एक रेशमी, एक सुती. चरखा झेंड्यावरून गेला तरी कापडात राहिलाच की! डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरचं पॉलिस्टर चालायला लागलं आणि तोही गेला. उदगीरला विणलेल्या खादीचे तिरंगे नांदेडला तयार होतात. आपल्याच मराठवाड्यात! आणि आपण मोबाईलवर गठ्ठा मागवणार.

हो, खादी महाग पडते. आणि २००२ पर्यंत साध्या माणसाला घरावर रोज झेंडा लावायची मुभा नव्हती, तेही काही बरं नव्हतं. बस, एवढंच मान्य.

मामांनी एकदा फाटका झेंडा शाळेमागे नेला, आम्हाला लांब उभं केलं आणि अख्खा जाळला. संहितेतही तेच आहे: खासगीत, शक्यतो जाळून. मामांनी ती वाचली नसणार. पण १९४२ मध्ये नंदुरबारला हातात झेंडा घेऊन गोळ्या झेलणारा शाळकरी शिरीषकुमार त्यांना पाठ होता. हे पॉलिस्टर तर धड जळतही नाही, नुसतं वितळतं.

झाडणाऱ्या मावशींनी तो गठ्ठा बाहेर काढला, झटकला आणि मला विचारलं, "ताई, यांचं काय करू?" त्यांच्यावर कशाला चिडू? वर्गणी देणारे आम्ही, टाकणारेही आम्हीच.

रविवारी मीटिंग आहे. २६ जानेवारीला गेटवर एकच झेंडा, खादीचा. पहिली वर्गणी माझी. आणि "पॉलिस्टर पावसात टिकतं" असं खाली कुणी लिहू नका. जानेवारीत पाऊस नसतो.