इनामगावात वीज आणू इच्छिणाऱ्यांस

भूतकाळात जाताना सोबत काय न्यावं याची अजिबात चिंता करू नये. पहाटे गारठा असतो म्हणून एक शाल घ्या, बास. बाकी सगळं तुमच्या डोक्यात आहेच. अणूच्या पोटात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, रोग जंतूंमुळे होतात हे माहीत आहे, विमान कसं उडतं यावर तर तुम्ही लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला मठ्ठा येईपर्यंत ऐकवलेलं आहे. तिथल्या उघड्यानागड्या लोकांना यातलं ओ की ठो कळत नाही. (कपडे घालतात ते. निराश होऊ नका.) म्हणजे सहा महिन्यांत लोखंड, वर्षभरात वीज आणि तिसऱ्या वर्षी चौकात तुमचा पुतळा, असा सरळ हिशेब आहे. आधी चौक करावा लागेल, एवढंच.

जायचं कुठे? लोक उगाच इजिप्त आणि ग्रीसच्या मागे लागतात. तिथे आधीच शहाणे बसलेले आहेत, तुमचं कोण ऐकणार? आपण शिरूर तालुक्यात जाऊ. घोडनदीच्या काठी इनामगाव, साल इसवी सनापूर्वी १२००. पत्ता खात्रीचा, कारण डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे खणून कोणाची चूल कुठे आणि कोणाचं कोठार कुठे ते लिहून ठेवलंय. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर आहे, शेजारी धान्याचं कोठार. थेट तिथेच जा. आपलं काम वरच्या पातळीवरचं असतं.

तिथे पहिला प्रश्न येईल, तुला काय येतं? भाषा कळणार नाही, पण हा प्रश्न हातवाऱ्यांनीही कळतो. समोर कोणी गारगोटीचं पातं पाडत असेल, कोणी सूत काढत असेल, कोणी गोऱ्हा आवरत असेल, आणि सगळे तुमच्या हातांकडे बघत असतील. अशा वेळी दोन्ही हातांची बोटं हवेत नाचवून कीबोर्ड दाखवू नका. अंगात आलंय असा समज होऊन लिंबू उतरवायच्या तयारीला लागतील.

जेवणाचं आधीच सांगून ठेवतो. जवाची भाकरी, हुलगे, मसूर, बोरं, नशीब असेल तर हरणाचं मटण. मिरची नाही. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणा नाही, साबुदाणा ज्याचा करतात तो कंदही नाही. ही सगळी मंडळी अमेरिकेतून यायची आहेत आणि त्याला अजून अडीच हजारांवर वर्षं अवकाश आहे. मिसळ गेली, वडापाव गेला, आणि एकादशीला खरोखरच उपास करावा लागेल. चहाचं तर विचारूच नका. पण खचू नका, तुम्ही तंत्रज्ञान आणायला आला आहात.

विस्तव वगैरे किरकोळ गोष्टींत वेळ घालवू नका. लाकडावर लाकूड घासून तो पेटवता येतो हे तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. तळहाताला फोड येतील तेव्हा सात-आठ वर्षांची एखादी पोर शेजारच्या चुलीतून निखारा आणून देईल. तिला ज्वलनात ऑक्सिजनची भूमिका समजावून सांगा.

लगेच लोखंडाला हात घाला. गावात तांबं आहे पण बेताचंच. रोजचं कापणं-सोलणं गारगोटीच्या पात्यांवर चालतं. तुम्ही जाहीर करा की आजपासून लोहयुग. झोतभट्टीची आकृती तुम्ही शाळेत काढलेली आहे, नावं दिल्याचे मार्कही मिळालेले आहेत. तीच काठीने जमिनीवर काढा. वरून खनिज, कोळसा आणि चुनखडी, खालून गरम हवा, इकडून मळी आणि तिकडून लोखंड. सोपं आहे.

आता खनिज. ते आकृतीत बाणाने येतं, शिरूरमध्ये कुठून येतं ते पुस्तकात नव्हतं. चहूकडे काळा कातळ आहे आणि त्यात लोह आहेही, पण ते त्यातून सोडवून काढणं तुमच्या बापजन्मात होणार नाही. चांगलं खनिज चंद्रपूर-गडचिरोलीकडे, नाहीतर सिंधुदुर्गात. चालत जा. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची जुनी भट्टी सापडलीय खरी, पण ती पेटायलाही अजून काही शतकं आहेत, तेव्हा वाटेत विचारपूस करायला थांबू नका. समजा खनिज आणलंत. मग लोणाऱ्यासारखा कोळसा पाडायला शिका: लाकूड रचायचं, मातीने लिंपायचं, आणि आत ते जळूही नये, विझूही नये अशा बेताने दिवसचे दिवस धुमसत ठेवायचं. मग भाता. त्याला बकऱ्याचं कातडं लागतं, कातड्याला ते कमावणारा लागतो, आणि तो तुम्हाला कातडं का देईल याला काहीतरी कारण लागतं.

एवढं होऊन भट्टी पेटली की तुम्ही खाली साचा धरून बसाल, लाल रस वाहत येईल म्हणून. येणार नाही. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात आणि तुमच्या भात्याचा दम १२०० च्या आसपासच संपतो. (तांब्याला १०८५ पुरतात, म्हणून तर हे लोक तांब्यावर आहेत.) गंमत म्हणजे जुन्या भट्ट्यांत लोखंड वितळवतच नसत. न वितळताच खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि तळाशी मळीने भरलेला भोकाभोकांचा एक ओबडधोबड गोळा उरतो. तो लालभडक असतानाच घण मारमारून मळी पिळून काढायची, तेव्हा कुठे आत लोखंड सापडतं. हे तुम्हाला माहीत नसल्यामुळे तुम्ही तो गोळा ‘प्रयोग फसला’ म्हणून नदीत फेकाल. घाबरू नका, लोहयुग त्याच्या सवडीने येतंच.

दरम्यान कुंभाराकडे एक चक्कर मारा. त्याच्या कामात सुधारणेला भरपूर वाव आहे असं तुम्हाला पहिल्या नजरेतच दिसेल. चाकावरची पातळ लाल भांडी, वर काळ्या रंगाची नक्षी, लांब तोटीचे चंबू. टिचकी मारली की धातूसारखी खणखणतात. आवा किती अंशांवर भाजतोस, असं त्याला विचारा. तो तुमच्याकडे बघेल, मग आव्याच्या तोंडाकडे बघेल, जाळाचा रंग जरा पिवळा झालेला पाहून दोन गोवऱ्या बाहेर ओढेल आणि पुन्हा उकिडवा बसेल. उत्तर देऊन झालेलं असतं, पण तुम्हाला आकडा हवा असल्यामुळे त्याला काही येत नाही असं समजून तुम्ही पुढे चला.

पुढे वीज. तांब्याची तार गुंडाळायची, चुंबक फिरवायचा, झालं. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये लोखंडाच्या कड्यावर तार गुंडाळली होती, वेढ्यांमध्ये सुतळी आणि कापड घालून. कापड गावात मिळेल. कड्याचं लोखंड मघाशी नदीत गेलं. तांबं मात्र पाच खोल्यांच्या घरातल्या बाईंच्या हातात आहे, बांगड्यांच्या रूपात. मोठ्या अदबीने मागा. मिळाल्या तर त्या वितळवून, ठोकून, भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून ओढून तार काढायची. पोलाद नाही ना? मग ठोकूनच काढा, जमेल तेवढी. फॅरेडेकडे बॅटरीही होती. बॅटरीला तांब्याच्या जोडीला जस्त हवं, आणि जस्त हा महाचालू धातू: तो ९०७ अंशांना उकळतो आणि खनिजातून सुटायला त्याहून जास्त उष्णता मागतो. सुटला की वाफ होऊन पसार. उघड्या भट्टीत तुम्हाला राखेशिवाय काही सापडणार नाही. आणि एवढं सगळं जमून आलं तरी फॅरेडेला त्या दिवशी काय दिसलं? एक सुई क्षणभर हलली. तुम्ही ही हललेली सुई बाईंना दाखवा आणि सांगा की बांगड्यांचं हे झालं.

यंत्रांचं काय, असं विचाराल. वाफेचं इंजिन तुम्हाला पाठ आहे. जेम्स वॅटलाही होतं. १७६९ मध्ये पेटंट घेऊन बसला होता, पण दट्ट्या नीट बसेल असं गोल सिलिंडर कोणी करून देईना. पुढे जॉन विल्किन्सनने तोफा कोरायच्या यंत्रावरून कल्पना घेतली तेव्हा कुठे १७७६ मध्ये त्याची इंजिनं कामाला लागली. तेव्हा तुम्ही मुळापासून सुरुवात करा: सपाट पृष्ठभाग. तो मात्र तुम्हाला तिथे खरोखर करता येईल. तीन दगड घ्या. पहिला दुसऱ्यावर घासा, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर. दोनच घेतलेत तर एक फुगतो आणि दुसरा खोलगट होतो, तरी दोघे एकमेकांत चपखल बसतात आणि तुम्ही फसता. तिघे आपसात बसले तरच तिघे सपाट. काही महिने लागतील. तीन दगड शोधायची दगदग नको म्हणून कोणाच्या तरी अंगणातला दळणाचा पाटा उचललात आणि मोठ्या प्रेमाने सपाट करून परत दिलात, तर ती बाई तुमची मापं काढेल. पाट्याला मुद्दाम खोलगा असतो, त्यात धान्य राहतं. पिढ्यांपिढ्यांच्या दळणाने पडलेला तो खोलगा तुम्ही अचूकतेच्या नादात घालवलेला असतो.

राहता राहिलं आरोग्य. पेनिसिलिन बुरशीपासून मिळतं हे तुम्हाला माहीत आहे, आणि जवाच्या शिळ्या भाकरीवर बुरशी हवी तेवढी आहे. कोणती, ते मात्र सांगता येणार नाही. काहींच्या विषाने यकृत जातं. फ्लेमिंगला ती बुरशी १९२८ मध्ये दिसली, आणि १९४१ मध्ये ऑक्सफर्डच्या एका पोलिसावर औषध वापरलं तेव्हा अख्ख्या प्रयोगशाळेने मिळून केलेला साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून पेनिसिलिन गाळून परत त्यालाच टोचत होते. तो सुधारत होता. साठा संपला आणि तो गेला. त्यापेक्षा हात धुवायला शिकवा. राख आहे, चरबी आहे, साबणासारखं काहीतरी होईल, आणि सुइणीने बाळंतिणीला हात लावायच्या आधी ते वापरलं तर खरोखर जीव वाचतील. सगळ्या यादीत कामाची गोष्ट ही एवढीच. फक्त ती पटवावी लागते. सेमेलवाइसने १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांना हेच सांगितलं, आकडे दाखवले, बायका मरायच्या थांबल्या हे दाखवलं. डॉक्टर मंडळींना राग आला आणि शेवटी १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. ते तर शिकलेले लोक होते. तुम्ही इनामगावात सांगणार की डोळ्यांना न दिसणारे जीव अंगात शिरतात आणि माणूस आजारी पडतो. गावात नेमकं हेच सांगणारा एक जण आधीपासून आहे, त्याचा अनुभव दांडगा आहे, आणि त्याला ते जीव घालवताही येतात.

काहीच जमेना तर ग्रहणाची भीती घालावी, असं सुचेल. कोलंबसने १५०४ मध्ये जमैकाच्या लोकांना चंद्रग्रहणाची धमकी देऊन अन्न उकळलं होतं. त्याच्याजवळ छापील पंचांग होतं. तुम्हाला पुढची अमावास्याही मोबाइलवर बघावी लागते.

पाणी अडवा, पाणी जिरवा सांगाल तर तेही करून झालंय. पुराचं पाणी वळवायला त्यांनी दगडांचा बांध घातलाय, कालवा खणलाय. आलाच आहात तर बघून या. पुढे दोनशे वर्षांनी या गावाची रया जाते, चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात. अभ्यासक पाऊस कमी झाल्याचं कारण देतात. तुमच्या मार्गदर्शनाचा परिणाम तितका काळ टिकला असेल असं मानायला पुरावा नाही.

तर वर्षभरात तुमची नेमणूक होईल. जवाच्या शेतात माळा असतो, त्यावर बसून पाखरं हाकायची. गोफण देतील. गोफणीचा वेग, कोन आणि गुंडा पडण्याची जागा यांचं समीकरण तुम्हाला येतं, त्यामुळे पहिले काही दिवस कोणी माळ्याच्या आसपास फिरकणार नाही.

शेवटी अंत्यविधीची एक सूचना. हे लोक प्रौढ माणसाला घरातच जमिनीखाली पुरतात, आणि पुरण्याआधी त्याची पावलं घोट्यापासून तोडतात. मेलेल्याने उठून कुठे जाऊ नये, आपल्यातच राहावं, म्हणून असावं असा अंदाज आहे. तुमची पावलं शाबूत ठेवतील.